चिकटपट्टीचा एक वेढा जास्त

कारखान्याचं धुराडं पेटल्याची बातमी आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी दोरीवरचं धुणं देतं. यंदाही तसंच झालं. सकाळी उशीचे अभ्रे वाळत घातले आणि दुपारी काढायला गेले, तर पांढऱ्यावर बारीक काळे कण. झटकावं तर पसरतात, न झटकावं तर मुरतात. हवेत मळीचा आंबूस वास, रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि त्या ट्रॅक्टरांवर लावलेली, छातीत धडधडणारी गाणी. उसाचा हंगाम सुरू झाला की बेलापुरातल्या इतर बाया वाळवणं झाकतात, गाद्या आत घेतात. मी अभ्रे तसेच बादलीत आपटले आणि आत पळाले, रेकॉर्ड प्लेअरचं झाकण लागलंय का ते बघायला. पन्नाशी ओलांडलेल्या, हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं असं पळणं काही शोभत नाही. पण त्या यंत्रानं माझ्याकडे शोभेचं असं काही शिल्लक ठेवलेलंच नाही.

हा वैताग दोन हंगामांपूर्वी सुरू झाला. पप्पांना श्रीरामपूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, नस कमजोर होत चालली आहे, मशीन लावून आवाज मोठा होईल, पण स्पष्ट होईलच असं नाही, आणि पुढे तोही जाईल. पप्पा आयुष्यभर प्राथमिक शाळेत मास्तर. चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवली, रिक्षात बसले. मग म्हणाले, "रूथ, कान जायच्या आत तुज्या आईची रेकॉर्ड एकदा नीट ऐकायची हाय मला. नाताळापतोर कर कायतरी."

यात 'नीट' हा शब्द किती महागात पडणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती. मी म्हटलं, "एवढंच ना? करते की."

आई गेली तेव्हा मी नुकतीच शाळेत जायला लागले होते. कावीळ झाली आणि महिन्याभरात सगळं संपलं. तिचे फोटो आहेत, लग्नातली जांभळी साडी आहे, पण तिच्या आवाजाची खूण म्हणाल तर ती एक रेकॉर्ड. आमच्या मिशनच्या शाळेत त्या काळी एक अमेरिकन जोडपं होतं. त्यांना आमच्या चर्चमधल्या बायकांची भजनं इतकी आवडली की परत जाण्याआधी त्यांनी सगळ्यांना मुंबईला नेऊन रेकॉर्ड करून घेतली. मोजक्याच प्रती निघाल्या आणि त्यातली एक आमच्या घरी आली, कारण दुसऱ्या बाजूचं शेवटचं भजन आई एकटी गायली आहे. जाताना ते आपला रेकॉर्ड प्लेअरही पप्पांना देऊन गेले. त्याच्यावरच मी ती रेकॉर्ड लहानपणापासून ऐकत आले. रविवारी दुपारी जेवणं झाली की पप्पा ती लावायचे आणि आईचा बारीक, उंच, चिमणीसारखा आवाज घरभर फिरायचा. मला वाटायचं, सगळ्यांच्या गेलेल्या आया अशाच गातात.

त्या जुन्या प्लेअरची सुई धरणारी दांडी कधीच लुळी पडली होती. सुई खाली टेकवली की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. म्हणून पुण्याहून नवा आणला. दुकानातला तरुण मुलगा मोठ्या भक्तिभावानं म्हणाला, "मॅडम, रेकॉर्डच्या आवाजात एक ऊब असते." ऊब गोधडीत असते, बाबा. रेकॉर्डच्या आवाजात असते ती कटकट. मोबाईलवर बोट लावलं की गाणं वाजतं, संपला विषय. हे यंत्र म्हणजे घरी आलेला जावई. बसायला सपाट लागतं, ऊन नको, धूळ नको, धक्का तर मुळीच नको, आणि एवढं करूनही रुसायचं ते रुसतंच.

पहिला प्रश्न धक्क्याचा. आमचं घर रस्त्याला लागून. भरलेला ट्रॅक्टर गेला की मांडणीवरची ताटं किणकिणतात. मी प्लेअर टेबलावर ठेवला, पाण्याची पातळी बघायची गवंड्याची नळी आणून चारी पाय समान केले, हात जोडून सुई टेकवली. पहिल्याच भजनात बाहेरून ऊस गेला आणि सुई उडून थेट तिसऱ्यावर जाऊन बसली. यंत्र कलतं असेल तर सुई रेकॉर्डवरच्या खाचेच्या एकाच भिंतीला घासते, आवाज एका बाजूनं फाटतो. यंत्र हललं तर मग बोलायलाच नको. शेवटी भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून घेतले आणि त्यावर शहाबादी फरशी टाकली. भिंत तेवढी हलत नाही. हे सुचायला मला तीन पुस्तकं नि दहा व्हिडिओ लागले, आणि भोकं पाडताना गिलाव्याचा पोपडा पप्पांच्या चहात पडला.

मग सुईचा भार. दांडीच्या मागे एक गोल वजन असतं. ते पुढे-मागे फिरवून सुई रेकॉर्डवर किती जोर देईल ते ठरवायचं. दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमूटभर साखर. कमी झालं तर सुई खाचेत तरंगते, 'स' आणि 'श' फुटतात. जास्त झालं तर आवाज दबतो आणि खाच झिजते, ती कायमची. आमच्या भजनांत येशूचं नाव ओळीओळीला. प्रत्येक 'शू' पत्र्यावर वाळू सांडल्यासारखा वाजत होता. मी भार वाढवत होते, पुन्हा कमी करत होते, आणि समोरच्या खुर्चीत बसून शांतवनकाका बघत होते.

शांतवनकाका म्हणजे पप्पांचे जुने मित्र. चर्चमध्ये पेटी वाजवतात आणि रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला येतात. ते म्हणाले, "अगं, दांडीवर एक रुपाया ठेव. आमी सगळे तसंच करायचो. हलत न्हाई का डुलत न्हाई."

"काका, रुपयाचं वजन सुईच्या भारापेक्षा जास्त आहे. रेकॉर्ड नांगरून निघेल."

"मंग आठाने ठेव."

मी वजन पुन्हा फिरवायला घेतलं. बोलले असते तर चहात मीठ पडलं असतं.

त्यांच्या त्या एकाच सल्ल्यानं गावातल्या किती रेकॉर्डी नांगरल्या गेल्या असतील, हा विचार अजूनही अधूनमधून येतो. काल वर्गात घर्षण शिकवताना आला आणि मुलांवर उगाच खेकसले. बिचारी गोंधळून माझ्याकडे बघत राहिली.

पण खरी परीक्षा होती ती शेवटच्या भजनाची. रेकॉर्डची खाच बाहेरून आत जाते, वर्तुळं लहान होत जातात. तेवढ्याच वेळात कमी जागेत तेवढंच गाणं कोंबलेलं असतं. सुई जरा तिरकी बसवलेली असेल, तर बाहेरची गाणी ती निभावून नेते, आतल्या गाण्यात मात्र उघडी पडते. आणि माझी आई नेमकी सगळ्यात आत गायलेली. मंडळातल्या बाकीच्या बायका स्वच्छ, पेटी स्वच्छ, झांजा स्वच्छ, आणि आईचं भजन आलं की खरखर. वैताग नाही येणार? कागदावर छापलेल्या रेघा असतात, त्यांच्यावर सुई धरून तिची मुंडी, म्हणजे दांडीचं पुढचं टोक, जुळवायची. एक स्क्रू सैल केला की दुसरा बोलतो. चष्मा वर केला की दिसत नाही, खाली केला की अंदाज चुकतो. पप्पा मध्येच विचारायचे, "झालं का?" मी म्हणायची, "न्हाई." थोड्या वेळानं पुन्हा, "झालं का?"

एकदाचं झालं. खरखर गेली, 'शू' गोल झाला, पेटीचा भाता हलताना ऐकू यायला लागला. आईनं ओळ संपवून घेतलेला श्वाससुद्धा. मी विजयी मुद्रेनं पप्पांकडे बघितलं. ते मशीन लावलेला कान पुढे करून बसले होते.

"ही न्हाई," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"तिचा आवाज असा जड न्हवता."

खरं म्हणजे मलाही तो जडच वाटला होता. माझ्या ओळखीचा तो बारीक, उंच आवाज नव्हता. ही कुणी भरदार गळ्याची, सावकाश गाणारी बाई होती. म्हणजे अजून काहीतरी चुकतंय. मी पुन्हा पुस्तक उघडलं. दांडीचं मागचं टोक खाली असलं तर आवाज दबतो, वर केलं तर पातळ आणि धारदार होतो. केलं वर. झांजा कानात टोचायला लागल्या, बाई तीच राहिली. सुई फिरत्या रेकॉर्डवर मध्याकडे ओढली जाते, तिला आवरायला एक स्प्रिंग असते. ती कमीजास्त केली. एका स्पीकरात होती ती बारीक कुरकुर दुसऱ्यात गेली, मग दोन्हीतून गेली, पण बाई तीच. मी मुंडी एका केसानं उजवीकडे कलती केली, डावीकडे केली.

"न्हाई," पप्पा म्हणायचे. "लई जड."

आणि प्रत्येक वेळी पूर्ण भजन लावायचीही सोय नव्हती. रेकॉर्ड जितकी वाजवावी तितकी झिजते. मी नियम केला होता, बाकीच्या भजनांवर काय ते प्रयोग करायचे, आईचं भजन दिवसातून एकदाच. जगात तिचा आवाज दुसरीकडे कुठे नाही. चुकीच्या भाराखाली तो रोज खरवडून निघत होता. नाताळ जवळ येत होता. शाळेचे पेपर तपासायचे पडले होते. करंज्यांचं सारण करायचं होतं. रस्त्याकडेला पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या पडल्या होत्या. तिथल्या बाया पहाटे उठून, भाकऱ्या बांधून थंडीत फडावर जात होत्या, आणि मी ऊबदार घरात एका केसाएवढ्या कलण्यावरून रडकुंडीला आले होते. त्याचाही राग यायचा. कुणावर ते कळत नव्हतं.

शेवटी म्हटलं, वेगच तपासू. त्यासाठी रेघारेघांचा एक गोल कागद मिळतो. तो फिरत्या प्लेअरवर ठेवायचा आणि ट्यूबलाइटखाली बघायचा. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. हेही साधं सरळ झालं नाही, कारण जुनी ट्यूब लागते आणि आम्ही घरभर एलईडी लावलेले. राहिली होती ती एक मागच्या न्हाणीघरात. मी प्लेअर उचलून न्हाणीत नेला, बंबाशेजारी पाटावर ठेवला. रेघा खिळ्यानं ठोकल्यासारख्या स्थिर. वेग अगदी बरोबर.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी पप्पांच्या खाटेखालून जुना प्लेअर ओढून काढला. त्याचा तो जड ट्रान्सफॉर्मरही आणला, आणि दोन्ही न्हाणीत मांडले. पप्पांना हाताला धरून आणलं, स्टुलावर बसवलं. "बघा आता. तुमच्या डोळ्यांनी बघा." जुन्या प्लेअरची दांडी लुळी होती, मोटर ठीक होती. कागद ठेवला, चालू केला. रेघा सरसर पुढे पळायला लागल्या.

"दिसलं? हा पळतोय. इतकी वर्षं आपण आईला पळवत होतो. नवा बरोबर आहे, तुमचा जुना चुकीचा."

मी रेकॉर्डखालची फिरती थाळी उचलली. खाली मोटरची लहानशी पितळी चाकी, आणि तिच्यावर गुंडाळलेली दवाखान्यातली चिकटपट्टी. अमेरिकेतली वीज वेगळी, त्यामुळे त्यांचं यंत्र आपल्याकडे हळू चालतं, एवढं विज्ञान मला येतं. चाकी जाड केली की वेग वाढतो. पट्टी त्यासाठीच होती. पण आतले वेढे पिवळे पडून एकजीव झालेले, आणि त्यांच्यावर एक वेढा वेगळ्याच पट्टीचा, जरा रुंद, कडा न कापलेला.

"आतली तुज्या आईसमोर लावली," पप्पा म्हणाले. "ती म्हनली, मी बाप्या गडी गातोय अशी ऐकू येते, कायतरी करा. दवाखान्यातनं पट्टी आनली, पेटीशी लावून लावून बरोबर केलं. तवा शांतवन बी हुता."

"आणि वरचा वेढा?"

मला वाटलं, त्यांना ऐकूच गेलं नाही. मी पुन्हा मोठ्यानं विचारलं.

"तो ती गेल्यावर लावला. रेकॉर्ड लागली की तू खेळ टाकून उठायचीस. स्वयंपाकघरात जायचीस. तिथं न्हाई म्हनून मागल्या दारी. एकदा दाराच्या फळीमागं बघत उभी हुतीस. भजन संपलं तरी आली न्हाईस." ते चाकीवर बोट फिरवत होते. "रेकॉर्ड बंद ठेवली तर मला ऱ्हावंना. म्हनून एक वेढा जास्त दिला. आवाज बदलला. मग ती रेकॉर्डमधली बाई झाली. तू उठायची बंद झालीस."

बंबातला जाळ विझत आला होता. जे वर होतं तेच माझ्या तोंडातून निघालं.

"मग तुम्हाला ठाऊक होतं! नवा प्लेअर बरोबर आहे हे ठाऊक होतं! मग इतके दिवस 'न्हाई, न्हाई' करून मला का राबवलंत?"

"भ्या वाटलं. पयल्यांदा लावलीस तवा वाटलं, आता ह्या वयात मीच उठून बघायला जाईन."

शांतवनकाकांना मी दुसऱ्या दिवशी ताडकन विचारलं, तुम्हाला कधी लक्षात नाही आलं का, की चर्चमध्ये तेच भजन खालच्या पट्टीत असतं? काका म्हणाले, "आलं की. मास्तरला इचारनार हुतो. मग म्हनलं, त्याच्या बायकूचा आवाज हाय, त्याला पायजे तसा ऐकू दी." आणि बशीत चहा ओतला. सगळ्या गावाला माहीत, एक मीच तेवढी विज्ञानाची बाई अडाणी. तो राग मला आठवडाभर पुरला.

नाताळाच्या दिवशी, चर्चमधून आल्यावर, आम्ही ती लावली. अंगणात तारा बांधलेला, घरात करंज्यांचा वास. मी सुईचा भार शेवटचा बघितला, ब्रशनं रेकॉर्डवरची काजळी काढली. भजन सुरू झालं. पप्पा खुर्चीचे हात धरून बसले होते. उठले नाहीत. दुसऱ्या कडव्यावर त्यांचं तोंड हलायला लागलं. संपल्यावर म्हणाले, "हीच. तुला हाका मारायची ती ह्याच आवाजात."

मी आठवायचा प्रयत्न केला. डोळे मिटले, दात आवळले. ह्या आवाजातली एक हाक, नुसतं 'रूथ' एवढं तरी. काही आलं नाही. इतकी खटपट करून, केसाकेसानं जुळवून, जगातला सगळ्यात बरोबर आवाज मी घरात आणून ठेवला होता, आणि तो माझ्या ओळखीचा नव्हता. त्या अमेरिकनांच्या यंत्राचा, चिकटपट्टीचा, पप्पांच्या शहाणपणाचा, सगळ्याचा मला असा संताप आला की मी तिथेच बसून रडले.

पप्पांनी विचारलं, "काय झालं?"

"मला ही ओळखूच येत नाही."

"मग परत लाव."

"झिजेल ती."

"झिजू दी. ठिवून काय करायची? तुला ओळख पडंपतोर लाव."

तेव्हापासून लावते आहे. रोज नाही, पण नियम मोडला तो मोडलाच. त्या वर्षीचा हंगाम संपला, कोप्या उठल्या, धुराडं थंड झालं, उन्हाळा गेला, पुन्हा ऊस आला. सुई एकदा बदलून झाली. शेवटच्या भजनात आता मागे एक बारीक सूं असा आवाज येतो. तो भारानं जाणार नाही, उंचीनं नाही, कशानंच नाही, ती झीज आहे. मी तरीही स्क्रू पिळत बसते आणि चिडते. एखाद्या दिवशी वाटतं, उचलून द्यावा तो प्लेअर भंगारवाल्याला. पण वेग मात्र मी कधी हलवला नाही. वाजवता वाजवता एवढं कळलं की ती दुसऱ्या ओळीच्या शेवटी जरा घाई करते. श्वास पुरत नाही तेव्हा शब्द गिळत नाही, सूर खाली ठेवते. तिसऱ्या कडव्यात एका जागी तिला हसू आलेलं आहे, बहुतेक शेजारी कुणीतरी काहीतरी केलं असेल. हे मला आठवलेलं नाही. ऐकून ऐकून झालं आहे. सून घरात येते, तिची ओळख काय आठवणीनं होते का? सोबत राहूनच होते.

पप्पांचे कान यंदा पुरते गेले. मशीन लावतात, पण ते सवयीनं. आज दुपारी मी अभ्रे दुसऱ्यांदा धुऊन घरातच वाळत घातले आणि रेकॉर्ड लावली. ते समोर बसून नुसती ती फिरताना बघत होते. संपल्यावर सुई उचलली, तसे नेहमीसारखं म्हणाले, "पडली का ओळख?"

दोन वर्षं मी या प्रश्नाला 'अजून न्हाई' म्हणत आले आहे. कधी वैतागून, कधी नुसती मान हलवून. आज त्यांच्या खुर्चीजवळ गेले, कानाशी तोंड नेलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "व्हय पप्पा. आईच हाय."